फुटाला इंच

सायकलच्या दुकानात फाटकी ट्यूब मागायला येतात ती पोरं, गलोलीसाठी. त्यामुळे मार्गशीर्षातल्या त्या दुपारी भाऊ टिपणीस कोट-टोपी घालून दुकानाच्या फळीपाशी उभे राहिले आणि "जुनी ट्यूब आहे का रे एखादी?" म्हणाले, तेव्हा दुकानदाराला हसू आलं.

"या वयात कावळे मारणार की काय भाऊ?"

"ट्रकला टायर करायचेत."

दुकानदाराचं हसू तिथंच विरलं. त्यानं ढिगातून जाड रबराची ट्यूब निवडून दिली आणि भाऊ कोपऱ्यावरून वळेपर्यंत त्यांच्या पाठीकडे बघत राहिला. ट्रक कोणता, हे ठाण्याच्या चरई आळीत सगळ्यांना ठाऊक होतं.

भाऊ म्हणजे 'अर्जवाले भाऊ'. सरकारी कचेरीत त्यांनी जन्मभर नकाशे काढले, साहेबांना दाखवायला पुलांची लाकडी मॉडेलं केली, आणि पेन्शनीत निघाल्यावर ठाण्यात जे जे वाकडं दिसेल त्यावर अर्ज करायचा सपाटा लावला. नळाला गढूळ पाणी आलं, अर्ज. गटारावरची फरशी खचली, अर्ज. कचेरीतले कारकून त्यांना लांबून येताना पाहूनच चहाला उठत. असा हा माणूस आश्विनापासून गप्प होता. ज्या एका कागदावर खरोखर तुटून पडायला हवं होतं, त्यावर त्यांनी एक अक्षर काढलं नव्हतं.

त्या चौकशीच्या कागदावर त्यांच्या मुलाच्या नावापुढे 'फरारी' असा शब्द होता.

मधू त्यांचा एकुलता एक. लढाईत मिलिटरीचे ट्रक हाकत ब्रह्मदेशापर्यंत जाऊन आला, आणि परतल्यावर म्हणाला, "भाऊ, मला कारकुनी नको. कॅम्पात मिलिटरीचे जुने, डिस्पोजलचे ट्रक विकायला काढलेत." जातीतल्या लोकांनी नाकं मुरडली. टिपणीसांचा मुलगा आणि ड्रायव्हर? भाऊंनी एका लग्नात भर पंगतीत सांगितलं, "तुमचे मुलगे खुर्चीवरून उठून कुठं जातात ते सांगा. माझा रोज कल्याणला तरी जातो."

ट्रकचं इंजिन ठणठणीत होतं, केबिन मात्र सडलेली. नवी केबिन भाऊंनी स्वतः आखून दिली, सुताराच्या मानगुटीवर बसून सागवानात करून घेतली. जुनं दार वळणावर आपोआप उघडायचं, म्हणून नव्या दाराला त्यांनी अशी घट्ट खाच आणि अशी भक्कम कडी दिली की मधू म्हणाला, "हे उघडायला पहिलवान ठेवावा लागेल भाऊ."

"दार बंद राहण्यासाठी असतं. उघडण्यासाठी नव्हे," भाऊ म्हणाले होते.

आश्विनात एका संध्याकाळी मधू कल्याणहून ठेकेदाराचं सिमेंट भरून निघाला. शीळफाट्याच्या चहावाल्यानं त्याला पाहिलं. तिथून एक रस्ता पनवेलला जातो, दुसरा मुंब्र्यावरून ठाण्याला. मधू ठाण्याला पोचला नाही. सिमेंट तेव्हा परमिटावर मिळायचं आणि काळ्या बाजारात सोन्यासारखं विकलं जायचं. त्यामुळे ठेकेदार म्हणाला, पोरगा पनवेलच्या रस्त्याला लागला आणि माल घेऊन पळाला. चौकशीच्या साहेबांना तेच सोयीचं होतं. कारण मुंब्र्याच्या पुढे, जिथं एका अंगाला डोंगर आणि दुसऱ्या अंगाला खाडी येते, तिथल्या वळणावर कठडा नव्हता. कागदावर तो कठडा बांधून, तपासून, मंजूर होऊन उभा होता. कागदावरच्या कठड्याला धडकून ट्रक थांबतात, अशी आपल्या सरकारी खात्याची श्रद्धा असावी.

हे सगळं भाऊंना दिसत नव्हतं असं नाही. पण 'फरारी' हा शब्द त्यांनी पुन्हा पुन्हा वाचला, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांना वाटलं की सरकार खरं बोलत असावं. चोर म्हणा, लुच्चा म्हणा. चोर जिवंत असतो. पनवेलच्या पुढे कुठंतरी तो भाकरी खात असतो.

सुमतीबाईंना असलं काही वाटत नव्हतं. मधू गेल्याच्या तिसऱ्या दिवशी सगुणा कोळीण नेहमीसारखी पाटी घेऊन आली. "बाय, खाडीची कोलबी हाय, आताच जाल्यातनं काढलेली." सुमतीबाई दारातच थांबल्या. पाटीकडे बघता बघता त्यांचा चेहरा पांढरा पडला.

"खाडीतलं काही आणू नकोस सगुणे. आमचा मधू तिथं आहे."

त्या घरात आठवड्यातून चार दिवस मासे शिजत. त्या दिवसापासून तवा कोरडा झाला. सगुणा तरी यायची. रिकाम्या पाटीनं ओटीवर टेकायची, घोटभर पाणी प्यायची, भरती-ओहोटीच्या गोष्टी सांगून जायची.

सुमतीबाईंनी भटजींना विचारलं. प्रेत मिळालं नाही तर पळसाच्या देठांचा पुतळा करायचा, त्याला डोकं म्हणून नारळ लावायचा आणि त्याला अग्नी द्यायचा, म्हणजे जीव सुटतो. भटजींनी बजावलं, पुतळा एकदा केला की त्याच दिवशी जाळायचा. तो घरात राहता कामा नये. पण त्याआधी बापानं तोंडानं म्हणायला हवं, की मुलगा गेला. तशी खात्री नसेल तर बारा वर्षं थांबायचं.

"मग बारा वर्षं थांबू," भाऊ म्हणाले.

पळसाच्या देठांची मोळी सुमतीबाईंनी आणवून ठेवली होती. ती मागच्या पडवीत तशीच पडून राहिली.

आणि भाऊंनी ट्रक करायला घेतला.

विचारणाऱ्याला ते सांगत, वेळ जात नाही म्हणून. मनातलं निराळंच होतं. एक दिवस मधू येईल, चप्पल काढता काढता म्हणेल, "भाऊ, ट्रक विकून टाकला हो." तेव्हा त्याला तो द्यायचा. फुटाला इंच असं माप धरलं. केबिनचं उरलेलं सागवान माळ्यावर होतं. तीच फळी खाली काढून तिच्यातून छोटी केबिन कापली. बॉनेट बिस्किटाच्या डब्याच्या पत्र्याचं. समोरची काच म्हणून फोटोवाल्याकडची धुतलेली फिल्म. ट्यूबच्या पट्ट्या लाकडी चाकांवर ताणून बसवल्या आणि तापल्या सुईनं त्यांवर नक्षी कोरली. नवा कोरा रंग लागला तेव्हा भाऊंना तो ट्रक परका वाटला. मग त्यांनी त्याला वापरायला सुरुवात केली, म्हणजे वापरल्यासारखा करायला. डाव्या मडगार्डला कल्याणच्या बैलगाडीनं दिलेला पोचा, नेमका तिथं, कानशीच्या पाठीनं. मागच्या हौद्याच्या फळ्यांवर पोत्यांच्या घसटीनं उडालेला रंग. टाकीच्या तोंडाखाली डिझेलचा ओघळ, जवसाच्या तेलात काजळी कालवून. उजवा दिवा डाव्यापेक्षा पिवळा, कारण मधूनं तो दुसऱ्या गाडीचा बसवला होता. दारं मात्र त्यांनी उघडती केली नाहीत. एवढ्याशा बिजागऱ्या टिकत नाहीत. मॉडेलात दार सरसानं चिकटवून टाकायचं, हा कचेरीतला रिवाज होता.

ट्रक पुरा झाला आणि भाऊ त्याच्याकडे बघत बसले. काहीतरी कमी होतं. कचेरीत शिकवतात, इमारतीच्या नकाशात शेजारी एक माणूस काढावा. माणसाशिवाय माप कळत नाही, सगळं खेळणं वाटतं.

म्हणून त्यांनी ड्रायव्हर केला. केबिनच्या टपाची फळी उचलता येत होती, तिथून तो आत बसवता येणार होता. मधूच्या जुन्या खाकी सदऱ्याची चिंधी होती. कंगव्यात त्याचे चार केस अडकलेले होते, ते डोक्याला लावले. हातपायांना सरळ, बारीक, हलक्या काड्या हव्या होत्या. पडवीत तशा काड्या होत्या. भाऊंच्या हाताला त्या लागल्या, आणि काम करणाऱ्या माणसाचं जसं होतं तसं त्यांचं झालं: माप जुळलं, एवढंच त्यांनी पाहिलं. गुडघ्याखाली पाय त्यांनी केले नाहीत. ते काही दिसणार नव्हते.

ड्रायव्हर आत बसला. टपाची फळी सरसानं पक्की झाली. आणि ट्रक एकाएकी खरा दिसायला लागला.

सुमतीबाई कंदिलाची काच पुसत बाहेर आल्या. टेबलाशी वाकल्या. बराच वेळ वाकून राहिल्या.

"याचे हात कशाचे केलेत?"

"पडवीतल्या काड्या होत्या ना..." भाऊ म्हणाले आणि वाक्य अर्धंच राहिलं.

सुमतीबाई खाली बसल्या. काच त्यांच्या पदरात तशीच होती. "अहो, केस त्याचे. कपडा त्याचा. देठ पळसाचे." त्या हळू बोलत होत्या, शेजारच्या खोलीत कुणी झोपलं असावं तशा. "तुम्ही पुतळा केलात. आज जाळायला हवा."

"वेडी आहेस. मॉडेल आहे ते."

त्या दिवशी तो जाळला गेला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी भाऊंना झोपेत वास आला. खाडीचा वास ठाणेकरांना नवा नाही, वाऱ्याबरोबर तो गावात येतोच. पण हा वास वाऱ्याचा नव्हता. खोल, थंड, तिवराच्या मुळांखालच्या काळ्या गाळाचा वास खोलीत साचून राहिला होता. भाऊ उठले. ट्रकखाली टेबल ओलं होतं. चाकांच्या नक्षीत, जी त्यांनी सुईनं कोरली होती, तिच्यात काळा चिखल भरला होता.

त्यांनी तो बोटानं काढून जिभेला लावला. खारट.

ओटीवर सगुणा सुमतीबाईंना सांगत होती, "आज दुपारचीच भरती हाय बाय. पानी पार तिवराच्या डोक्याशी आलंय बघ."

त्यानंतर भाऊंनी ट्रक पुसला नाही असा दिवस गेला नाही. पाणी रोज येई, आणि रोज थोडं उशिरा, जशी भरती रोज थोडी उशिरा येते. दुपारची वेळ सरकत तिसऱ्या प्रहरावर गेली, मग दिवेलागणीवर. भरती चढू लागली की काचेच्या फिल्मला आतून वाफ धरायची. मग केबिनमध्ये पाणी वर येताना दिसायचं. आधी ड्रायव्हरच्या मांड्यांपर्यंत, मग छातीपर्यंत, मग... भाऊ तिथं डोळे मिटून घ्यायचे. ओहोटीला पाणी उतरायचं. कुठं जायचं ते कळत नसे. टेबलाखाली पंचा पसरून ठेवला, तो नुसता दमट व्हायचा.

आणि आवाज. पहिल्यांदा त्यांना वाटलं, वाळवी. मग ओळखलं, आणि ओळखलं नसतं तर बरं असं झालं. दोनदा टक् टक्, थोडं थांबून, पुन्हा एकदा टक्. मधूला ताटात भात हवा असला की तो तोंडानं मागायचा नाही. नखानं ताटाच्या काठावर असंच वाजवायचा. सुमतीबाई म्हणायच्या, "तोंड नाही का रे तुला? मिलिटरीत असंच मागायचास?" आणि वाढायच्या.

आता तोच आवाज सागाच्या दाराआडून येत होता.

पौष लागला. एका दुपारी ओहोटी होती, ऊन टेबलावर आलं होतं. भाऊंनी भिंग घेतलं आणि काचेतून आत पाहिलं. गिअरचा दांडा त्यांनी मधोमध बसवला होता. तो मागच्या गिअरला पडला होता. ड्रायव्हरचे दोन्ही हात त्यांनी चाकावर चिकटवले होते. ते चाकावर नव्हते. उजवा हात दाराकडे वळला होता, आणि दाराच्या आतल्या बाजूला, जिथं भाऊंनी एकसारखा खाकी रंग दिला होता, तिथं बारीक बारीक रेघा उठल्या होत्या. पुष्कळ. एकावर एक. खाली कडीपाशी रंग पार निघून लाकूड दिसत होतं.

भाऊंनी भिंग टेबलावर ठेवलं.

ट्रक पाण्यात पडल्या पडल्या तो मेला नव्हता. त्यानं गाडी मागं घ्यायचा प्रयत्न केला होता. मग दार ढकललं होतं. बापानं इतकं भक्कम करून दिलेलं दार.

सुमतीबाई केव्हा मागं येऊन उभ्या राहिल्या ते त्यांना कळलं नाही.

"पाहिलंत?"

"तुला ठाऊक होतं?"

"आवाज मलाही येतो हो. तुम्ही झोपलात की मी इथं येऊन बसते. त्याला सांगते, थांब जरा, तुझे भाऊ ऐकतील." त्यांच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, ते केव्हाच संपलं होतं. "जाळा आता. सुटू दे त्याला."

"जाळू? त्यात तो आहे सुमती."

"म्हणूनच."

"आतल्या आत? दार बंद असताना?" भाऊंचा आवाज फाटला. "एकदा बुडाला तो आत. आता जळूही दे?"

बाहेर ओटीवर ऊन उतरत होतं. भरती लागायला थोडाच अवकाश होता. त्यांच्या घरात आता घड्याळापेक्षा ती नेमकी कळायची.

भाऊंनी फ्रेटची करवत काढली. केसासारखं पातं असतं तिचं. ट्रक मांडीवर घेतला, एखाद्या तान्ह्या पोराचं डोकं धरावं तसा, आणि दाराच्या रेघेवर पातं टेकवलं. सरस मुरला होता. सागाचा पिवळा भुसा त्यांच्या धोतरावर पडू लागला. वरची कड कापून झाली, खालची झाली, कडीपाशी आले आणि तेवढ्यात आतून टक् टक् झालं, अगदी पात्याच्या पलीकडून. भाऊंचा हात हलला. करवत घसरली आणि कडीच्या वर आडवी, वाकडी खाच पडली.

"आलो रे," ते पुटपुटले. "आलो. जरा बाजूला हो."

दार सुटलं. मागच्या कडेला त्यांनी चामड्याची पट्टी खिळवून ते उघडं टांगून ठेवलं. ट्रक टेबलावर ठेवला. दोघं समोर बसून राहिले, बाळंतिणीच्या खोलीबाहेर बसतात तसे. खोलीतला उजेड हळूहळू कमी झाला. गाळाचा वास आला. पाणी चढलं, उघड्या दारातून टेबलावर सांडलं, टेबलावरून जमिनीवर ठिबकू लागलं. सुमतीबाईंनी उठून दिवा लावला.

केबिनमध्ये कुणी नव्हतं.

टेबलावर ओले ठसे होते. बुटांचे, प्रत्येक इंचभर लांब, टाचेला मिलिटरीच्या नालेची अर्धगोल खूण. दारापासून निघून ते टेबलाच्या कडेपर्यंत आले होते. पुढे काही नाही. भाऊंनी दिवा घेऊन जमीन पाहिली, चटई झाडली, टेबलाखाली हात फिरवला. ज्या बाहुल्याला त्यांनी पावलं केली नव्हती, तो घरात कुठंच सापडला नाही.

त्यानंतर ट्रक कोरडा राहिला. भरत्या आल्या नि गेल्या. सुमतीबाई मात्र बदलल्या. सकाळी केर काढताना मध्येच थांबत, जमिनीवर काहीतरी बघत, आणि ते पुसण्याऐवजी केरसुणी बाजूनं नेत. भाऊंनी विचारलं तर म्हणत, "काही नाही."

अमावास्येला सगुणा पाटीशिवाय, धापा टाकत आली.

"भाऊसायब, चला. आमच्या भिवानं बघितलाय. एवढी ओहोटी आख्ख्या वर्सात नाय लागली. मुंब्र्याच्या वलनाखाली गालातनं टप वर आलाय. गाडीचा."

भाऊ पोचले तेव्हा काठावर गर्दी होती. भिवानं, सगुणाच्या नवऱ्यानं, त्यांना हाताला धरून गुडघाभर गाळातून नेलं. तोवर पाणी आणखी ओसरलं होतं, आणि ट्रक नाक खाली करून बसलेला दिसत होता. हौद्यात सिमेंटची पोती होती, सगळीच्या सगळी, भिजून दगड झालेली, ज्या ओळीत रचली होती त्याच ओळीत. एकही पोतं जागचं हललं नव्हतं.

चौकशीचे साहेब बूट सांभाळत काठावरच्या दगडावर उभे होते. तेच साहेब.

"माल मिळाला," ते कारकुनाला म्हणाले. "चोरीचं कलम काढा. बाकी तसंच ठेवा."

"बाकी म्हणजे?" भाऊंनी खालून विचारलं.

"फरारी. केबिन रिकामी आहे, दार उघडं आहे. ट्रक पडला, हा दार उघडून पोहत निघाला, भीतीनं पळाला. सरळ आहे. तुम्हाला तर आनंद व्हायला हवा."

भाऊंनी दाराकडे पाहिलं. तीन महिने गाळात राहून सागवान काळं ठिक्कर पडलं होतं, शिंपले धरले होते. पण दाराच्या कडेनं लाकूड पिवळं होतं. ताजं, कोरडं, आत्ताच कापल्यासारखं. उंबऱ्याच्या फळीवर थोडा भुसाही होता. आणि कडीच्या वर आडवी, वाकडी एक खाच, हातभर लांब. जिथं करवत घसरली होती, तिथंच.

"कुणी कोळ्यानं कापलं असेल," कारकून म्हणाला.

"आमी हात नाय लावला," भिवा म्हणाला. "आमच्या आदी इथं कोन येनार?"

भाऊंनी त्या खाचेवरून बोट फिरवलं. मग दाराच्या आतल्या बाजूवरून. तिथल्या रेघा हाताला लागल्या. खोल होत्या.

इतके दिवस त्यांनी एक शब्द जपून ठेवला होता. लोक तोंडावर थुंकले तरी तो त्यांनी सोडला नव्हता, कारण त्या शब्दात मधू श्वास घेत होता. गाळात उभे राहून त्यांनी तो सोडला.

"फरारी खोडा," ते म्हणाले. कचेरीतल्या सगळ्या कारकुनांना माहीत असलेला तो आवाज. "माझा मुलगा मेला आहे. बुडून मेला. लगेच मेला नाही, तेही लिहा. तुमचा कठडा इथं नव्हता म्हणून मेला, आणि बापानं केलेलं दार उघडलं नाही म्हणून मेला. दोन्ही लिहा. सही मी करतो."

साहेबांनी रुमालानं नाक पुसलं. "प्रेताशिवाय तसं लिहिता येत नाही, टिपणीस."

पाणी परत चढायला लागलं होतं. भिवानं भाऊंना काठावर आणलं.

घरी परतताना त्यांनी ठरवलं होतं. उद्या भटजींना बोलवायचं. पडवीतले देठ घ्यायचे, नीट पुतळा करायचा, आपल्या हातानं अग्नी द्यायचा. सुमतीला सांगायचं, तुझं खरं होतं. मुलगा गेला, हे तोंडानं म्हटलं आहे आता मी, म्हणता येतं. रस्ताभर ते हेच मनाशी घोळवत आले, आणि दर वेळी त्या वाक्यापाशी येऊन रडले.

ओटी चढले तेव्हा तळणाचा वास आला. कोलंबीचा. आश्विनापासून पहिल्यांदा.

"सुमती?"

घरात पश्चिमेचा शेवटचा उजेड होता. टेबलावर ट्रक उघड्या दारानं उभा होता. भाऊ स्वयंपाकघराकडे वळले आणि उंबऱ्याशी थबकले.

उंबऱ्याच्या बाहेर, भिंतीला लागून, बुटांचा जोड होता. इंचभर लांबीचा. ओल्या चामड्याचा, नाडी सोडलेली, दोन्ही बूट नीट शेजारी शेजारी लावलेले. चिखलाचे बूट घेऊन स्वयंपाकघरात येऊ नकोस, हे सुमतीबाई त्याला लहानपणापासून सांगत आल्या होत्या.

आत त्या पाटाशेजारी बसल्या होत्या, पाठ दाराकडे. पाटावर वाटीचं झाकण उपडं ठेवून त्यात चिमूटभर भात वाढलेला होता, आणि कोलंबीचा एक तुकडा, नखानं बारीक केलेला. चुलीत काहीतरी तडतडत जळत होतं. पडवीतली मोळी.

"सुमती, देठ... अगं, उद्या भटजींना..."

"नको आता भटजी," त्या मागं न वळता, हळू म्हणाल्या. "असे दारात उभे राहू नका. त्याच्यावर अंधार पडतो."

भाऊ बाजूला सरले. उजेड आत गेला. झाकणाच्या काठावर कुणीतरी नखानं वाजवलं. दोनदा, थोडं थांबून, पुन्हा एकदा.

सुमतीबाईंनी भाताचं पातेलं जवळ ओढलं.